गोधडीचा कोपरा कुणाचा? नाशिकच्या एका हस्तकला गटातलं प्रकरण

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी आमचा हस्तकला गट भरतो. पंचवटी, सातपूर, इंदिरानगर, नाशिकरोड, अशी सगळीकडची माणसं येतात. कुणी क्रोशाचं विणतं, कुणी कापडावर वारली काढतं, कुणी मातीच्या पणत्या करतं, कुणी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवतं. हॉलचं भाडं आणि चहा वर्गणीतून भागतो. शेवटचा तास मांडणीचा. सतरंजीवर गोल बसायचं, आठवड्यात केलेली वस्तू पुढे मांडायची, तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचे. बरीचशी मंडळी खरं तर याच तासासाठी येतात. घरी केलेलं काम घरात कुणी फारसं बघत नाही, इथं मात्र वीस-पंचवीस डोळे ते न्याहाळतात.

दिवाळीच्या सुमारास याच तासातून एक वाद उभा राहिला आणि गट फुटतो की काय असं वाटण्याइतका वाढला. मांडणीच्या तासाची वही माझ्याकडे असते, म्हणून हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवते आहे. असे गट आता गल्लोगल्ली आहेत आणि हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येकाच्या दारात येणार आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. गटात ज्या नात्यानं हाक मारतो, तीच इथं वापरली आहेत.

आजींची गोधडी

आजी मूळच्या निफाडकडच्या. मुलगा सातपूरला कारखान्यात, म्हणून आता मुक्काम तिकडे. निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला बातम्यांतून माहीत आहे. पारा पाच-सहा अंशांवर, कधी त्याच्याही खाली जातो आणि द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्या भागात गोधडी म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. ती दोन-तीन माणसांच्या अंगावर, रोज, वर्षानुवर्षं टिकायला हवी.

आजींनी मांडणीला आणलेली गोधडी सुती नऊवारी लुगड्यांची होती. थरात त्या फक्त सुतीच घेतात. सिंथेटिक साडी थरात सरकते आणि धुतल्यावर आत गोळा होते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बोहारणीला साड्या देऊन भांडी घेण्याची पद्धत अजून आहेच. आजी मात्र सुती लुगडं दिसलं की बोहारणीच्या आधी आपणच पोचतात. आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी थर धरून ठेवायचे, मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनात फिरत फिरत आत यायचं. टाके इतके सारखे की गोधडी उलटी केली तरी कोणती बाजू वरची ते चटकन कळत नाही.

आणि कोपरे. सगळं प्रकरण या कोपऱ्यांवरून झालं, म्हणून ते नीट सांगते. लुगड्याच्या काठाची पट्टी तिरकी दुमडून त्यांनी प्रत्येक कोपऱ्यावर तीन पाकळ्या केल्या होत्या. मधली मोठी, बाजूच्या दोन लहान. पाकळ्यांची बुडं गोधडीच्या थरांत आत घातलेली. कडेनं येणारा धावदोरा कोपऱ्याशी पोचला की पाकळीच्या बुडातून जाई, पाकळीला वळसा घाली आणि न तुटता पुढच्या कडेला लागे. दोऱ्याची गाठ कोपऱ्यात कुठेच नाही. लाल काठ, हिरवट लुगडं, पांढरा दोरा. सगळेजण बघतच राहिले.

त्या दिवशी मांडायला बऱ्याच वस्तू होत्या. आजींच्या वाट्याला पाचेक मिनिटं आली. टाळ्या झाल्या, चारही कोपऱ्यांचे फोटो निघाले, फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले, खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली आणि आम्ही पुढच्या वस्तूकडे वळलो. हा कोपरा असा का, हे कुणी विचारलं नाही. वहीतली त्या दिवसाची नोंद एका ओळीची आहे: 'आजी, गोधडी, सुंदर कोपरे.'

कुशनची कव्हरं

गटातल्या एक ताई घरगुती व्यवसाय करतात. कुशन कव्हर, टेबलवरचे रनर, पर्स. दिवाळीआधी कॉलेज रोडच्या परिसरात जी प्रदर्शनं भरतात, तिथं त्या टेबल लावतात. त्या वर्षी त्यांच्या टेबलावर गोधडी पद्धतीची कव्हरं होती आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यावर तीन पाकळ्या. शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलेलं: 'पारंपरिक गोधडीकाम, आमची खास डिझाइन'. कव्हरं भराभर गेली.

आजींच्या सूनबाईंनी हे कुणाच्या तरी स्टेटसवर पाहिलं आणि रात्री ग्रुपवर लिहिलं की आमच्या आईंचा कोपरा आईंना न विचारता बाजारात आला आहे आणि त्यावर 'आमची' असं लिहिलं आहे. सकाळपर्यंत ग्रुपमध्ये दोन बाजू पडल्या होत्या.

एक बाजू म्हणत होती की गट सुरू झाला तेव्हापासून आपलं ठरलेलं आहे, इथं आणलेलं सगळ्यांचं. टाका कुणाच्या मालकीचा असतो का? ज्याला लपवायचं आहे त्यानं आणू नये. दुसऱ्या बाजूनं थेट चोरी हा शब्द वापरला. ताईंनी लिहिलं की मी प्रेमानं शिकले, कव्हरं स्वतःच्या हातानं केली, मग माझं काय चुकलं? त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं, हे त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही पटेल. पुढच्या शनिवारी मांडणीला नेहमीच्या निम्म्याही वस्तू आल्या नाहीत. लाकडावर कोरीव काम करणारे एक दादा पिशवी घेऊन आले होते, ती त्यांनी उघडलीच नाही.

कायदा काय म्हणतो

गटातल्या एक काकू वकिली करतात. त्यांनी त्या शनिवारी चहाच्या वेळी कायद्याची बाजू समजावून सांगितली. ती इथं देते, कारण अशा वादात अर्धवट ऐकीव माहितीवर फार बोललं जातं.

डिझाइन कायदा २००० सालचा. एखाद्या वस्तूचं दिसणं, म्हणजे आकार, नक्षी, सजावट, नोंदवून घेता येतं. पण ते नवीन हवं आणि अर्ज करण्याआधी कुठं प्रसिद्ध झालेलं नको. नोंदणी झाली की १० वर्षं संरक्षण मिळतं, पुढं ५ वर्षं वाढवता येतं. मग आजींच्या कोपऱ्याचं काय? तो त्यांच्या आईकडून आलेला, म्हणजे नवीन नाही, आणि फोटो तर सगळीकडे फिरलेले. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्याच्या कलम १५ नुसार, जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याची वस्तू मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं औद्योगिक पद्धतीनं ५० हून अधिक वेळा तयार केली की त्यावरचा कॉपीराइट संपतो. शिवाय कोपरा परंपरेनं आलेला, आजींनी स्वतः रचलेला नव्हे, म्हणून हा दरवाजाही त्यांच्या कामी येण्यासारखा नव्हता.

उरलं भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे एखाद्या प्रदेशाशी जोडलेल्या वस्तूच्या नावाची नोंद. आपल्या जिल्ह्याला ते चांगलं ठाऊक आहे. येवल्यात विणली जाते त्या पैठणीला ते २०१० मध्ये मिळालं, वारली चित्रकलेला २०१४ मध्ये. पण हे मानांकन एका माणसाच्या नावावर नसतं, ते त्या प्रदेशातल्या आणि त्या परंपरेतल्या उत्पादकांचं असतं. येवल्याचा विणकर शेजारच्या विणकराला मोर विणू नकोस असं त्याच्या जोरावर सांगू शकत नाही.

थोडक्यात, ताईंनी कायदा मोडला नव्हता. काकूंनी हे सांगितल्यावर पहिल्या बाजूच्या मंडळींना हायसं वाटलं. वाद मिटला असं काहींना वाटलं. माझ्या मते खरा प्रश्न तिथंच सुरू झाला. गट कायद्यावर चालत नाही, एकमेकांच्या भरवशावर चालतो, आणि तो भरवसा हलला होता.

सातपूरच्या घरी

इतक्या गोंधळात आजींना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्याकडे साधा फोन आहे, ग्रुपवर त्या नाहीत. त्यांच्या वतीनं सूनबाई बोलत होत्या आणि सूनबाईंच्या वतीनं इतर. शेवटी वकील काकू, मी आणि ताई, अशा तिघी सातपूरला गेलो. ताईंनी एक कव्हर बरोबर घेतलं होतं. ते न्यायचं की नाही यावर रिक्षात बराच खल झाला होता. नेलं ते बरं झालं.

आजींनी कव्हर हातात घेतलं. आधी उलटं केलं. मग कोपरा अंगठा आणि बोट यांत धरून जोरात ओढला. पाकळी एका बाजूनं उसवली.

"बाई, दिसायला छान केलंस गं," आजी ताईंना म्हणाल्या, "पण हे दोन धुण्यांत सुटंल. वरून कशाला लावलंस?"

ताईंनी गोधडीकाम आधी पूर्ण केलं होतं आणि पाकळ्या नंतर वरून टाचल्या होत्या. प्रत्येक कोपऱ्यावर दोरा तोडून गाठ मारली होती. फोटोत पाकळीचं बूड दिसत नाही, त्यामुळे ते आत जातं हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

मग आजींनी आपली गोधडी काढली आणि कोपरा कशासाठी असतो ते सांगितलं. गोधडी ओढायची ती कोपऱ्याला धरून. झटकायची ती कोपऱ्याला धरून. दोरीवर टाकताना, घडी घालताना, पोरं एकमेकांच्या अंगावरून ओढताना, दर वेळी हात पडतो तो कोपऱ्यावर. म्हणून गोधडी आधी तिथं फाटते. पाकळ्यांची बुडं आत घातली की तिथं कापडाचे जादा थर येतात आणि दोरा न तोडता फिरवला की उसवायला सुरुवातच मिळत नाही. "गाठ असली की तिथून सुटतं," त्या म्हणाल्या. पाकळी नक्षीसाठी आहे हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती मजबुतीसाठी होती. सुंदर दिसत होती, कारण हे काम शिकवणाऱ्या बायकांना मजबूत करताना सुंदरही करता येत होतं.

ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आजी, तुम्ही मला हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस का?"

यात राग नव्हता. पण मांडणीच्या तासात आमचं काय चुकत होतं ते यापेक्षा नेमकं कुणी सांगितलं नसतं.

नावाचा विषय निघाला तेव्हा आजींनी हातानंच उडवून लावला. "मला काय करायचंय नावाचं? मी आईकडून शिकले, ती तिच्या सासूकडून. घालायचंच तर गावाचं घाला. पण 'आमची' नको लिहूस. तुझी नाही ती." पैशाबद्दल सूनबाईंचं म्हणणं वेगळं होतं आणि त्यांनी ते स्पष्टपणे मांडलं: विकलेल्या प्रत्येक कव्हरामागे आईंना काही मिळायला हवं. ताई तयार होत्या. आजी नको म्हणाल्या. मला सूनबाईंची बाजू अजिबात लोभाची वाटली नाही. घर चालवणाऱ्या बाईनं सासूच्या हाताच्या कामाची किंमत मागणं यात वावगं काही नाही. आणि आजींसारखी माणसं संकोचानं नको म्हणतात, त्या नकाराचा आपण सोयीनं स्वीकार करतो, हेही खरं आहे.

शेवटी ठरलं ते असं. ताईंनी पुठ्ठ्यावरची ओळ बदलायची: निफाड भागातली गोधडी पद्धत, अमक्या गावच्या आजींकडून शिकलेली. उरलेली कव्हरं उसवून कोपरे नव्यानं करायचे. आणि गटानं आजींना शिकवायला बोलवायचं, तेही मानधन देऊन. बाहेरचा प्रशिक्षक आला की आम्ही जेवढं देतो तेवढंच, एक रुपया कमी नाही. हा शेवटचा मुद्दा काकूंचा आणि मला तोच सगळ्यात योग्य वाटतो. प्रत्येक कव्हरामागे हिशेब ठेवायचा तर ताई आणि आजी यांच्यात कायमची वही आली असती. शिकवण्याचे पैसे उघड, ठरलेले आणि सन्मानाचे आहेत. आजींनीही ते घेतले, कारण ते कामाचे होते.

मांडणीच्या तासात काय बदललं

आता एका शनिवारी चारच वस्तू मांडायच्या. कुणाच्या, ते आदल्या आठवड्यात ठरतं. वस्तू आधी उलटी ठेवायची. शिवणाची मागची बाजू, मडक्याचं बूड, क्रोशाची सुरुवातीची गाठ, लाकडी डब्याचा सांधा. करणाऱ्यानं आधी बोलायचं, बाकीच्यांनी तोवर फोन खाली ठेवायचे. पहिले प्रश्न कसं आणि का, हे. कौतुक नंतर. आणि उठण्याआधी करणाऱ्यानं सांगायचं की यातलं काय शिकायला खुलं आहे, काय विचारून घ्यावं आणि काय बघण्यापुरतंच. ते वहीत लिहिलं जातं. फोटो त्यानंतर.

याचा सगळ्यात मोठा फायदा मला दिसला तो तांबट लेनमधल्या काकांच्या वेळी. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तांब्या-पितळेचं काम चाललेलं. जुन्या नाशकात त्या गल्लीतून जाताना एके काळी ठोक्यांचा आवाज दिवसभर येई असं ते सांगतात. त्यांनी ठोक्यांचं तांब्याचं ताट आणलं आणि शेजारी दुकानात मिळणारी, तसेच ठोके छापलेली मशीनची बाटली ठेवली. ताट उलटं केलं. ठोके मागूनही जाणवत होते, रांगेत, एकाला एक लागून. काकांनी सांगितलं की याला मठारणं म्हणतात. भट्टीत तापवलेलं तांबं मऊ असतं, हातानंही वाकतं. मठारलं की ते कडक होतं आणि चकाकीही येते. एकही जागा मोकळी सोडायची नाही, नाहीतर भांड्याला तिथं पोचा पडतो. बाटलीवरचे ठोके मात्र साच्यातून उठवलेले, हातोडीचा त्यांच्याशी संबंध नाही.

आजी शेजारीच बसल्या होत्या. "म्हणजे माझ्या कोपऱ्यासारखंच की," त्या म्हणाल्या. काका आणि आजी मग बराच वेळ आपसातच बोलत राहिले आणि आम्ही सगळे ऐकत होतो. जुन्या पद्धतीत काकांना तीन मिनिटं मिळाली असती आणि ताटाचा एक छान फोटो.

तोटेही आहेत. चारच वस्तू म्हणजे अनेकांना महिना-महिना वाट पाहावी लागते. नवीन येणाऱ्या मुली हिरमुसतात. त्यांना आज केलेलं आजच दाखवायचं असतं, आणि ते स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी चहाच्या वेळी एक टेबल मोकळं ठेवलं आहे, तिथं कुणीही काहीही मांडावं. पण तिथं पुन्हा टाळ्या आणि फोटो एवढंच होतं, हे मी बघते आहे. काहीजणांना उलट्या बाजूची लाज वाटते. एका काकूंनी भरतकामाची मागची बाजू दाखवायला नकार दिला, दोरे लोंबत होते म्हणून. जबरदस्ती केली नाही. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच दाखवली आणि दोरे मागे कसे लपवायचे यावर त्या दिवशी सगळ्यात जास्त चर्चा झाली.

'फक्त बघण्यापुरतं' या पर्यायावर अजून मतभेद आहेत. एका गटाला वाटतं की त्यामुळे मूळ भावनाच मेली. मला तसं वाटत नाही. आतापर्यंतच्या नोंदी चाळल्या तर बहुतेकांनी सगळं खुलं ठेवलेलं दिसतं. नाही म्हणता येतं हे माहीत असलं की माणूस मोकळेपणानं हो म्हणतो. लाकूडकाम करणाऱ्या दादांची पिशवीही उघडली. एक सांधा त्यांनी 'विचारून' या खात्यात ठेवला आणि विचारायला गेलेल्या प्रत्येकाला घरी बोलावून शिकवला.

जे सुटलेलं नाही

आधीचे फोटो बाहेर गेले ते गेले. वरून टाचलेल्या पाकळ्यांची कव्हरं आता गटाशी काही संबंध नसलेल्या लोकांच्या पानांवरही दिसतात. त्यावर उपाय नाही. आजींच्या वर्गाचा एक छोटा व्हिडिओ करून टाकावा, म्हणजे ज्यांना करायचंच आहे ते निदान नीट करतील, अशी सूचना आली आहे. आजी तयार आहेत. सूनबाईंनी अजून होकार दिलेला नाही, आणि तो मिळेपर्यंत व्हिडिओ होणार नाही असं आम्ही ठरवलं आहे.

सूनबाई आणि ताई यांच्यात बोलणं आहे, पण पूर्वीचा मोकळेपणा नाही. त्यातच ताईंना एका दुकानाकडून कव्हरांची मोठी मागणी आली. एकटीच्या हातून होणारं ते काम नाही. आजींच्या वर्गात तयार झालेल्या सातपूरच्या काही बायका ते करू शकतात, त्यांना पैशाची गरजही आहे. पण एका कोपऱ्याला लागणारा वेळ धरून मजुरी लावली तर कव्हराची किंमत दुकानदाराच्या अंदाजाच्या वर जाते. तो म्हणतो, पाकळ्या वरून लावा, गिऱ्हाइकाला कळत नाही. ताईंनी त्याला नाही म्हणून सांगितलं आहे. मजुरीचा दर कुणी ठरवायचा, यावर येत्या शनिवारी बसायचं आहे. आजी येणार आहेत आणि या वेळी सूनबाईही.